अक्षयनिवी : कान्हेरीच्या डोंगरातला बचतीचा हिशेब

मुंबई बघायची म्हटलं की आपलं ठरलेलं असतं : राणीची बाग, चौपाटी, महालक्ष्मी आणि शेवटी दादरची खरेदी. या खेपेला आमच्या गटाच्या अकराजणी बोरिवलीला कान्हेरीची लेणी बघायला गेलो. “एवढं भाडं घालून दगड बघणार?” असं घरोघरी ऐकून घेतलं, पण गेलो.

जाताना मनात एक वाद होता. गटात साठलेले पैसे वाटून घ्यावेत, असं काहीजणींचं म्हणणं होतं. बाकीच्या म्हणत होत्या, मुद्दल मोडायचं नाही. दोन बैठका भांडणात गेल्या होत्या.

आसनगावहून लोकल धरली, घाटकोपरला उतरलो. तिथं गरम वडापाव खाल्ला, मेट्रोनं अंधेरी गाठली आणि पुन्हा लोकलनं बोरिवली. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, बसनं जाता येतं. सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवा. वाटेत पाड्यांवरच्या बायका काकडी आणि तिखटमीठ लावलेले आवळे विकत होत्या. आमच्या भाकरीची एक पिशवी मात्र माकडांनी नेली!

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथं बौद्ध भिक्खूंसाठी लेणी खोदायला सुरुवात झाली. शंभराहून जास्त लेणी आहेत. मोठ्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत. एका लेण्यात दोन लांब दगडी बाक आहेत, पंगतीला बसावं तसे. पण आमच्या बायका सगळ्यात जास्त थांबल्या त्या पाण्याच्या टाक्यांपाशी. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळी खोदून जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या टाक्यात आणलंय. शिलालेखात या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आम्ही त्या पन्हळीवरून हात फिरवत राहिलो.

हे सगळं खोदायला पैसा कुणी दिला? राजेरजवाडे होतेच, पण भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत व्यापारी, सोनार, लोहार आहेत. बायका आहेत, भिक्षुणी आहेत आणि गृहिणीही. ब्राह्मी आम्हाला वाचता येत नाही. अभ्यासकांनी वाचलेलं आम्ही घरून वाचून गेलो होतो. दान देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, तेव्हाचं भरभराटीचं बंदर. सकाळी आमची लोकल ज्या कल्याणला थांबली, तिथल्या माणसांचं नाव या डोंगरात आहे. एका लेखात शेत दिल्याची नोंद आहे, ते गाव मंगलठाण, म्हणजे आजचं मागाठाणे. आता तिथं मेट्रोचं स्टेशन आहे.

या लेखांत एक शब्द पुन्हापुन्हा येतो : अक्षयनिवी. निवी म्हणजे मुद्दल, कधी न संपणारं. पैसे किंवा शेत ठेवायचं आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंना वस्त्रं, पायताणं द्यायची. मुद्दलाला हात लावायचा नाही.

याचा पुरा हिशेब नाशिकच्या लेण्यात, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो तिथं कोरलेला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात यानं गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, शेकडा दरमहा एक व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडे 1000 ठेवले, शेकडा पाऊण व्याजानं. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ, आपल्या गटासारखाच म्हणा ना. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही लिहिलंय. पहिल्या रकमेचं व्याज वर्षाला 240. ते पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12. आमच्या हिशेबनीस ताईंनी तिथंच टाक्याजवळ बसून बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. पण व्याज आपल्यापेक्षा कमी!” आमच्या गटात शेकडा दोन चालतं.

त्या उषवदाताची बायको दक्षमित्रा. तिनंही नाशिकला एक खोली दान दिली आणि लेखात ती आपल्याच नावावर नोंदवली. त्या खोलीला शब्द वापरलाय ‘ओवरक’. देवळातली आपली ओवरी ती हीच. हे सांगितल्यावर एक मावशी बोलल्या, “माझं नाव रेशनकार्डावर आणि गटाच्या वहीत. तिसरीकडे कुठं नाही.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

कान्हेरीला बघायला येणारेही जुनेच. एका लेण्यात पहलवी लिपीत, इराणच्या जुन्या लिपीत, पारशी पाहुण्यांची नावं आहेत, 1009 आणि 1021 सालची. आले, पाहिलं, नाव कोरून गेले. आज कोरू नका हं, दंड होतो.

परतताना बोरिवली स्टेशनाबाहेर बांगड्या, पोरांना कपडे, एकीनं कुकरची शिट्टी घेतली. गाडीत बसायला जागा मिळाली तशी वाटपाची चर्चा पुन्हा सुरू झाली. वाटून घ्या म्हणणाऱ्या मावशी आता म्हणाल्या, मुद्दल राहू दे, पण वर्षाचं व्याज पोरींच्या शिक्षणाला द्या. दुसरी म्हणाली, आधी माझ्या घराचं छप्पर. आसनगाव येईपर्यंत ठरलं नाही. मंगळवारच्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवलाय.