वैदूची झोळी आणि लॅटिन पोथी

जालना जिल्ह्यातील राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना देवळाच्या वाटेवर दूर्वा, शमी, रुई घेऊन बसलेल्या बायकाही आठवत असतील. गणेशाच्या एकवीस पत्रींत आघाडा, माका, डोरली, अर्जुन अशी औषधी झाडे आहेत, हे आपण लहानपणापासून कौतुकाने ऐकत आलो. मात्र यात्रा-बाजारांतून मुळ्या मांडून बसणारा वैदू आपल्या लिखाणात आला तो बहुधा भोंदू म्हणून. त्याच्या ज्ञानाचा धनी कोण, हा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत. तो वाटतो तितका कायद्याचा नाही; पुष्कळसा वाङ्मयाचा आहे.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ छापला गेला. तो संवादरूप आहे. ओर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा बोलत बसतात, आंतोनिया ही दासी सांगितलेली वस्तू आणून देते, एके ठिकाणी मालुपा हा हिंदू वैद्यही तोंड उघडतो. चारच वर्षांनी क्लुसियस या पंडिताने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि संवादच काढून टाकले. माहिती राहिली, बोलणारी माणसे गेली. युरोपच्या विद्वानांनी वाचला तो मुख्यतः हा संक्षेप. रूपबंध म्हणजे आशयावरचे वेष्टन, असे जे वर्गात सांगितले जाते, त्याला याहून चोख उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

पुढच्या शतकात कोचीच्या डच अंमलात व्हान ऱ्हेडे याने ‘होर्तुस मलबारिकुस’ सिद्ध केला. आम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. त्याने निदान साक्षीदार पुसले नाहीत. इट्टी अच्युतन या एळवा वैद्याचे आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे दाखले त्याने पहिल्या खंडात छापले. कोकणी दाखला तर नागरी अक्षरांत आहे. नाव मिळाले, पण रानात हिंडून फांद्या-फुले आणणाऱ्यांना तेही नाही.

आता हळदीची गोष्ट. जखमेवर हळद लावण्यासाठी १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते आव्हानले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय आपण साजरा केला, तो योग्यच. पण जिंकले कोण? तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरावा ठरत नसे, छापील शब्द लागे. म्हणून संस्कृत ग्रंथांचे आणि १९५३ च्या एका वैद्यकीय लेखाचे दाखले द्यावे लागले. आजीच्या हाताची हळद कामी आली नाही, पोथी आली. ज्याची पोथीच नाही त्याने काय करावे?

केरळातील काणी आदिवासींनी ‘आरोग्यपच्चा’ ही वनस्पती १९८७ मध्ये संशोधकांना दाखवली. तिच्यावर आधारलेल्या औषधाचा परवाना १९९५ साली कोईमतूरच्या एका कंपनीला दिला गेला, तेव्हा दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन यांतला अर्धा वाटा काणींना देण्याचे ठरले. त्यासाठी १९९७ मध्ये न्यासही झाला. वाटपावरून वाद झाले, पण काणींची वस्ती ठाऊक होती, पैसे कोठे न्यावेत ते कळत होते.

आपला जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते, तिने लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करायची आणि स्थानिक वैदूंची माहितीही ठेवायची. हेतू उत्तम. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. म्हणजे ज्ञान लिहिलेले नसेल तर ते सिद्ध होत नाही, आणि शास्त्रग्रंथात लिहिलेले असेल तर त्याचा वाटा द्यावा लागत नाही! ही कोंडी कोणी मुद्दाम घडवली असे आम्ही म्हणत नाही. पोथीला प्रमाण मानण्याची आपली जुनी सवय तिच्यामागे आहे.

वैदू ही महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणली जाणारी जमात. समजा, एखाद्याने मुळी अजिंठ्याच्या डोंगरात खणली, राजूरच्या बाजारात विकली, आणि तिचा गुण आपल्या सुनेला तिसऱ्याच गावच्या पालात सांगितला. उद्या त्या मुळीचे पेटंट झाले तर कोणत्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत शोधावे? डोंगराखालच्या गावाच्या, की राजूरच्या? नोंद करायला आलेला तरुण शिक्षक पहिल्या रकान्यात नाव लिहील, दुसऱ्यात वनस्पती, आणि मग विचारील, ‘‘बाबा, तुमचं गाव कोणतं?’’