‘नाइस’ शब्दाचा अर्थोत्कर्ष

शब्दाचा खरा अर्थ त्याच्या मूळ धातूतच असतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. इंग्रजीतील ‘नाइस’ या शब्दाला ही कसोटी लावून पाहावी. लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा. ‘ने’ हा नकार आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ या अर्थाने. पुढे त्याला लाजाळू, नाजूक, चोखंदळ अशा छटा चिकटल्या. सोळाव्या-सतराव्या शतकांतील कित्येक वाक्यांत यांपैकी कोणती अभिप्रेत आहे, हे ठरविणे कठीण जाते. चोखंदळ मनुष्य बारीकसारीक भेद पाहतो. त्यावरून ‘सूक्ष्म’ हा अर्थ निघाला, व ‘नाइस डिस्टिंक्शन’ या प्रयोगात तो अद्याप टिकून आहे. ‘छान’ हा अर्थ रूढ झाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या जेन ऑस्टिनच्या कादंबरीत हेन्री टिल्नी या सैल वापराची थट्टा करतो आणि नीटनेटकेपणा, औचित्य, सुसंस्कृतता हा बहुधा मूळचा अर्थ असावा, असे सांगतो. मौज अशी, की टिल्नीचा हा ‘मूळ’ अर्थदेखील मागाहूनच आलेला आहे.