डबल स्टँड आणि चेन

इ. स. १८८० सालीं मँचेस्टर येथें हॅन्स रेनॉल्ड यानें रोलर चेन सिद्ध केली. १८८५ त स्टार्ले याच्या ‘रोव्हर’ सायकलीचें मागचें चाक चेननेंच फिरूं लागलें, आणि १८८८ त लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. आमच्या नगरचा संबंध पुढचा. १९७२ त लुना निघाली. ती काढणाऱ्या कायनेटिक कंपनीचा कारखाना नगरास. लुनेचा डबल स्टँड केवळ उभी करण्यापुरता नव्हे. मागचें चाक अधर करून, पायडल मारून इंजिन चालू करावयाचें.

जड फटफटी मात्र हातांनीं ओढूं नये, कंबर धरते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीस टेकल्यावर सारा भार उजव्या पायानें द्यावा.

चेन ‘वाढते’ म्हणतात, पण लोखंड ताणलें जात नाहीं; राळेगणसिद्धीसारख्या कोरड्या मुलखांतली धूळ तेलांत मिसळून पिना झिजविते. (हें शाळेंत शिकवावें.) म्हणून जुनें तेल रॉकेलनें पुसून मगच नवें घालावें; चाक हातानेंच फिरवावें. इंजिन चालू ठेवून पुसणाऱ्याचें बोट चिंधीबरोबर दातऱ्यांत जातें. खालच्या बाजूस मधोमध दोन-तीन सेंटीमीटर ढील बहुतेक गाड्यांस पुरते. ती कमी करतांना दोन्हीकडचे नट सारखेच फिरवावे, नाहींतर चाक तिरपें बसतें.