नामदेव पायरीपासचा माणूस

आमचं गाव मोहोळहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. आजोबा मिशनचे उपदेशक. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना थोरले आबा म्हणायचो, ते माळकरी. दोघं एकाच महारवाड्यात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचे. आजोबांनी पंचक्रोशीत बऱ्याच जणांना येशूच्या पायाशी आणलं, पण भिंतीपलीकडचा सख्खा भाऊ काही त्यांना आणता आला नाही.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 साली आलं, नगरला 1831 मध्ये. सोलापुरात ठाणं पडलं ते 1860 नंतर. वोरोनोको शाळा अजून त्या काळाची आठवण देते. मुंबईत विष्णुबावा ब्रह्मचारी 1857 साली समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. तो शास्त्रांचा वाद, ऐकायला गर्दी व्हायची. खेड्यात तसलं काही नसायचं. कुणी ग्रंथ काढत नसे. गावाचा विरोध म्हणजे बलुतं बंद. मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, की सुगीच्या खळ्यावरून रिकामी पाटी घेऊन परत यायचं. त्यात 1896-97 च्या दुष्काळात मिशननं पोरकी लेकरं सांभाळली, तेव्हापासून लोकांच्या तोंडात एक वाक्य कायमचं बसलं : भाकरीसाठी बाटले. आजोबा या बोलण्याला फार जपून असायचे. कुणाला धान्य दिलं, तर त्या दिवशी त्याच्याशी देवाचं बोलायचं नाही, असा त्यांचा नेम. मिशनमधल्या एका वरिष्ठांना हा नेम पटत नव्हता, असं आजी सांगायची.

थोरल्या आबांपुढे मात्र आजोबांचा एकच मुद्दा असायचा. "आबा, तू आषाढी-कार्तिकीला चालत जातुस. पायरीपस्तोर. आत घेत्यात का तुला? जो देव उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई, त्याला कशापायी हाका मारतुस?"

मुद्दा खरा होता. चोखोबा आमच्याच जिल्ह्यातले, मंगळवेढ्याचे. गावकुसाची भिंत अंगावर कोसळून गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. समाधी महाद्वारात, नामदेव पायरीपाशी. सहाशे वर्षं आमची माणसं तिथवर जायची आणि मागं फिरायची. थोरले आबाही तसेच.

पण आबांकडे उत्तर होतं. "आन तुझ्या देवाच्या नावानं गावच्या हिरीवर पानी भरू देत्यात का रं तुला?"

यावर आजोबा गप्प बसायचे. बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली, तरी विहीर बंदच होती.

आजी या भांडणात पडायची नाही. तिचा भर लक्ष्मीबाई टिळकांवर. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. त्या काळात त्या नातलगांकडे आमच्या पंढरपुरातही राहिल्या. पुढं नवऱ्याजवळ नगरकडे गेल्यावरसुद्धा आपलं सोवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. आधी त्यांच्या मनातून जातिभेद गेला, बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. स्मृतिचित्रांत त्यांनी हे काही लपवलेलं नाही. आजी म्हणायची, "पाच वर्सं लागली बाईला. नवरा येवढा कवी, त्येला बी पाच वर्सं थांबाया लागलं. तुमी कुठलं?" आजोबा हसायचे. टिळकांची भजनं त्यांना पाठ होती. एकतारीवर ती म्हणू लागले, की भिंतीपलीकडून आबांच्या चिपळ्यांचा ठेका यायचा. भजनं ओवी-अभंगाच्या वळणाची, ठेका सहज बसे. शब्द कुणाला कुठे पोचले, देव जाणे.

मग 1947 साल आलं. साने गुरुजी 1 मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवसांत निकाल लागला, देऊळ सर्वांना खुलं झालं. आबा आत गेले. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून परत आले ते थेट आमच्या दारात. काही बोलले नाहीत, कपाळ तेवढं दाखवलं. आजोबांचा तीस वर्षांचा मुद्दा त्या दिवशी संपला. आजी म्हणायची, त्या रात्री ते जेवले नाहीत. राग की आनंद, ते तिलाही उमगलं नव्हतं.

1956 नंतर महारवाड्याचा रंग बदलला. बाबासाहेबांच्या मागोमाग जवळजवळ सगळे बौद्ध झाले, आबांच्या मुलानं भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. आबांनी माळ काही काढली नाही. आम्ही ख्रिस्तीच राहिलो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या यादीत ख्रिस्त्यांना जागा नव्हती. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं, हा वाद आमच्या घरी कित्येक संध्याकाळी चाललेला मी ऐकला आहे. आजोबांनी "ख्रिस्ती" लिहायला लावलं. माझ्या धाकट्या काकांना ते अखेरपर्यंत जड गेलं, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

1958 च्या पावसाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. मी दहा वर्षांचा. रोज दिवेलागणीला आजोबा त्यांच्याकडे जायचे, कंदील धरून मी पुढे. आबांना अक्षर येत नव्हतं. आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले. बगलेत दोन पुस्तकं असायची, नवा करार आणि तुकारामांची गाथा. आजोबा उशाशी बसून विचारायचे, "काय वाचू?"

"गाथा," आबा म्हणायचे.

मग तासभर गाथा. आजोबांचा आवाज उपासनेत वाचताना असायचा तसाच, संथ आणि खणखणीत. मधेच आबा बोट वर करायचे, की तो अभंग पुन्हा. आबांचा मुलगा दारात उभा राहून ऐकायचा. त्याला गाथाही नको होती आणि नवा करारही, पण काकाला त्यानं कधी अडवलं नाही.

असे सतरा दिवस गेले. घरी आलो की आजी भाकरी वाढताना विचारायची, "आज तरी शुभवर्तमान वाचलंसा का?"

"त्यानं मागितलं न्हाई," आजोबा म्हणायचे आणि ताटाला हात लावायच्या आधी नेहमीसारखी प्रार्थना करायचे. त्या प्रार्थनेत आबांचं नाव असायचं. अठराव्या दिवशीही होतं, आबा दुपारीच गेले होते तरी.