फिनमार्क : उत्तर टोकावरचा जिल्हा आणि तेथील लोक

युरोप खंडाच्या उत्तर टोकाला, बॅरेंट्स समुद्राच्या काठी नॉर्वेचा फिनमार्क जिल्हा वसलेला आहे. क्षेत्रफळाने तो डेन्मार्क देशाहूनही मोठा, सुमारे ४८,६०० चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र अवघी पाऊण लाख. २०२० साली तो शेजारच्या ट्रॉम्स जिल्ह्यात विलीन झाला व १ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला.

येथे सामी आदिवासी, नॉर्वेजियन आणि फिनिश वंशाचे क्वेन एकत्र राहतात. किनाऱ्यावर मासेमारी, तर आतील पठारावर रेनडिअरपालन हे परंपरागत व्यवसाय आहेत.

१९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने घरे, बंदरे, नौका जाळल्या आणि हजारो लोकांना सक्तीने दक्षिणेकडे हलविले. काहींनी गुहांत लपून हिवाळा काढला. युद्ध संपताच लोक परतले व राखेतून गावे उभी केली.

सामींची दुसरी जखम भाषेची. शाळांतून त्यांच्या मातृभाषेला अनेक दशके मज्जाव होता. १९८९ मध्ये कारास्योक येथे सामी संसद स्थापन झाली, १९९७ मध्ये राजे हाराल्ड यांनी आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय संसदेने क्षमायाचना केली.

१८५५ साली पवित्र सिंहासनाने स्थापिलेल्या 'उत्तर ध्रुव' मिशनचे केंद्र येथील आल्टा गावी होते. आज हा भूभाग ट्रॉम्सो प्रिलेचरमध्ये मोडतो. श्रद्धावंत थोडे, अंतरे प्रचंड. मातृभाषेतून प्रार्थना करणाऱ्या आपणांस तेथील सामींचा भाषेसाठीचा लढा परका वाटू नये, असे आम्हांस वाटते.