माळवदाचा रंग : लोहारा परिसराचे उपग्रह-नकाशे

गाव किती वाढले, हे सांगायला आता उपग्रहाची चित्रे पुरतात, असा समज रूढ होतो आहे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली आणि भारताचा ‘आयआरएस-१ए’ १९८८ साली अवकाशात गेला. २००८पासून लँडसॅटचा जुना संग्रहही विनामूल्य खुला झाला. दोन सालांची चित्रे शेजारी ठेवून वाढलेले बांधकाम मोजणे, ही आज सरावाची गोष्ट आहे. लोहारा तालुक्यात मात्र इतिहासाला विचारल्याशिवाय ही मोजणी करू नये, असे माझे मत आहे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्टा भूकंपाने हादरला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे कोसळून सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली.

संगणक जमिनीचा प्रकार ठरवतो तो परावर्तित प्रकाशावरून. माळवद मातीचेच, त्यामुळे उन्हाळ्यातल्या चित्रात ते आणि नांगरलेले रान यांत फरक करणे अवघड जाते. नव्या वसाहतीची सिमेंटची छते आणि सरळ रस्ते मात्र ठळक उठतात. म्हणजे जे नकाशात ‘नागरीकरण’ दिसते, ते इथे पुष्कळदा स्थलांतर असते. सोडलेल्या गावठाणात झुडपे माजली की त्याची गणना ‘वनस्पती’त होते.

आणखी एक गोष्ट चित्रात येत नाही. पुनर्वसनात घरे जमीनधारणेनुसार मिळाली : २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका ९०० चौरस मीटरचा; सर्वांत मोठे घरही ७० चौरस मीटरच्या आत. भूमिहीनाचे घर आणि मोठ्या शेतकऱ्याचे घर त्या ठिपक्यात सारखेच विरून जाते.

उपाय साधा आहे. ज्वारी उभी असताना, रब्बीतले चित्र घ्यावे; हिरव्या रानात गावठाण वेगळे दिसते. ते सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशाशी, पुनर्वसनाच्या नोंदींशी आणि गावातल्या जाणत्यांच्या सांगण्याशी ताडून पाहावे. एखादा तुकडा ‘पडीक’ म्हणून रंगवण्याआधी तिथे कोणाची घरे होती, हे लिहून ठेवणे इतिहासाचे काम आहे.