एकोणीस एकांची मूळ संख्या

एकोणीस एकांची मूळ संख्या : दशमान पद्धतीत १ हाच अंक ओळीने १९ वेळा मांडला असता होणारी ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या. ती स्वतः आणि १ यांखेरीज तिला विभाजक नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत जी १८ स्थाने सांगितली आहेत, ती सारी भरूनही हिचा एक अंक परार्धापलीकडे उरतो.

एकांच्या अशा ओळीतील अंकांची संख्या संयुक्त असेल, तर ती ओळही संयुक्तच निघते; अंकसंख्या मूळ असली, तरी ओळ मूळ असेल याची हमी मात्र नाही, आणि १११ = ३ × ३७, ११,१११ = ४१ × २७१, ११,११,१११ = २३९ × ४,६४९ हे त्याचे दाखले होत. दोन एकांच्या ११ नंतर थेट १९ एकांची, मग २३ आणि पुढे एकदम ३१७ एकांची संख्या मूळ ठरते. १,०३१ एकांच्या संख्येची सिद्धता १९८६ साली झाली.

महाराष्ट्रात अशा ओळींचे सर्वांत निष्ठावंत अभ्यासक म्हणजे १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षकी केलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १११ चा वर्ग १२,३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. या वर्गांना त्यांनी डोंबिवली स्थानकावरून ‘डेम्लो’ संख्या म्हटले. दहाव्या एकापासून हातचे येऊन हा चढउतार मोडतो. पण त्याच चढउतारात ९ नंतर १० लिहून परत फिरले असता होणारी १,२३,४५,६७,८९,१०,९८,७६,५४,३२१ ही संख्या वर्ग नसून चक्क मूळ आहे.

दशमान ही मनुष्याची सोय, सबब अंकांच्या रूपावर आधारलेले गणित हा केवळ मनोविनोद, असा आक्षेप या विषयावर घेतला जातो. तो प्रस्तुत संख्येच्या बाबतीत टिकत नाही. १ ला तिने भागले असता दशांशचिन्हापुढे अठरा शून्ये व एक ९ यांचे अखंड आवर्तन मिळते, आणि ज्या मूळ संख्येचे आवर्तन नेमके १९ अंकांचे आहे, अशी संख्या साऱ्या संख्यासृष्टीत हीच एक. तिला एखादा मूळ विभाजक असताच, तर त्यास ३८ ने भागून बाकी १ उरणे अवश्य होते. म्हणून तपासणीचा आरंभ १९१ पासून होतो, मग २२९, मग ४१९, आणि वर्गमूळाची सुमारे १०५ कोटींची मर्यादा गाठेपर्यंत या साच्यातील जवळजवळ पावणेतीन कोटी संख्यांपैकी ज्या मूळ आहेत, तेवढ्यांचीच झडती घ्यावी लागते. अंकांच्या बाह्य रूपाने कष्टाचा एवढा मोठा भाग वाचवावा, हेच त्या रूपाच्या गणिती योग्यतेचे प्रमाण होय.

शेवटच्या १११ मुळे ८ ने भागता बाकी ७ राहते. परिणामी ही संख्या दोन किंवा तीन पूर्णवर्गांच्या बेरजेने मांडता येत नाही, तीस चार वर्ग लागतात.